समर्पणात राग कुठे ठेवायचा?

गोदाकाठची
सहा वर्षं झाली, पहाटे साडेचारला ध्यानाला बसते. घर गंगापूर रोडला, त्या वेळी बाहेर फक्त दूधवाल्यांच्या गाड्या. पाँडिचेरीचे योगी श्रीअरविंद यांचा पूर्णयोग (त्यांची साधनापद्धती) वाचून सुरुवात केली. त्यांच्या मते समर्पण म्हणजे नुसतं मन देवापाशी ठेवणं नाही. बुद्धी, प्राण (म्हणजे आपल्या इच्छा, हाव, राग) आणि शरीर, सगळंच द्यायचं. मन देता येतं हो. डोळे भरून येतात. पण सात वाजता जाऊबाईंचा फोन आला की वाटणीच्या जमिनीवरून तोच जुना संताप उसळतो. पहाटे बसणारी एक आणि भांडणारी दुसरीच. मला आता पक्कं वाटतं की जे लपवतो तेच आधी द्यायला हवं. चांगलं तेवढं देवाला आणि रागलोभ आपल्यापाशी, हे समर्पण नव्हे. पटतं का?

विवेकी
अजिबात नाही. पतंजलींच्या योगसूत्रांतलं सूत्र बघा, 'ईश्वरप्रणिधानाद्वा', म्हणजे 'किंवा ईश्वराला शरण जाऊन'. 'वा' म्हणजे किंवा. त्याआधीच अभ्यास (मन स्थिर ठेवण्याचा सराव) आणि वैराग्य सांगून झालंय, मुख्य रस्ता तो. राग तुमचा, तेव्हा निस्तरायचाही तुम्हीच. देवाकडे सोपवला की माणूस स्वतःला तपासणं सोडतो. जमिनीचं म्हणाल तर सातबारा काढा आणि जाऊबाईंशी समोरासमोर बसून बोला.

ध्यास
विवेकी, योगसूत्रांच्याच दुसऱ्या पादाचं (भागाचं) पहिलंच सूत्र विसरलात. तप, स्वाध्याय आणि ईश्वरप्रणिधान मिळून क्रियायोग. तिथे 'वा' नाही, आणि तपाला सुट्टीही नाही.
१९०८ च्या जानेवारीतली गोष्ट सांगतो. श्रीअरविंद बडोद्याला विष्णु भास्कर लेले या मराठी योग्यासोबत तीन दिवस बसले आणि मन पूर्ण शांत झालं. पुढे मुंबईत भाषण होतं, डोक्यात एक शब्द नाही. लेले म्हणाले, श्रोत्यांना नमस्कार कर आणि थांब, बोलणं येईल. आलं. त्याच महिन्यात ते आपल्या नाशकातही बोलले. बुद्धी देणं म्हणजे बुद्धी मारणं नव्हे, ते हे असं.

साधीसुधी
मी ठाम विरोधात. माझ्या आईला मधुमेह. एका महाराजांच्या शिबिरात 'शरीरही अर्पण करा' ऐकून आली आणि गोळ्या बंद केल्या. पायाची जखम चिघळली, तीन आठवडे दवाखान्यात. पाय वाचला. 'सगळं द्या' म्हणणारा आणि ते घेणारा माणूस एकच असला की काय होतं, ते आम्ही भोगलंय. शिवाय बायकांना घराघरात समर्पणच शिकवलेलं असतं. आता देवाच्या नावानंही तेच?

द्राक्षवाला, निफाड
ताई, आईंचं वाचून वाईट वाटलं. पण त्याला समर्पण म्हणू नका. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस झाला आणि फवारणी चुकवली तर डावणी (द्राक्षावरचा बुरशीचा रोग) येणारच. मी रात्री दोनला टॉर्च लावून फवारलंय. नंतर गारपीट झाली अन् घड गेले, तेव्हा रडलो, आणि ते रडणं देवाला दिलं. त्याआधी हात देवाचेच समजून राबलो होतो. श्रीअरविंदही हेच सांगतात. आतला जुना स्वभाव जोर करतोय तोवर स्वतःचा प्रयत्न सुटत नाही. आळसातून आलेल्या शरणागतीला ते तामसिक म्हणतात.

विवेकी
प्रयत्न सुटत नाही म्हणता, मग मी वेगळं काय बोललो?

गोदाकाठची
फरक आहे. तुम्ही म्हणता रागाला आवर घाला. मी तीस वर्षं तेच केलं. आवरलेला राग आत गेला, पाठदुखी होऊन बसला. आज फोन आला तेव्हा आवरला नाही, ओकलाही नाही. 'हा माझ्यात आहे, बघ' असं आत म्हणत जाऊबाईंचं ऐकत राहिले. राग गेला नाही. पण त्या रडत होत्या हे ऐकू आलं, एरवी मी मध्येच बोलते. आणि हो, सोमवारी दोघी तलाठ्याकडे जातोय.

साधीसुधी
सोमवारचं वाचून बरं वाटलं. तरी माझा प्रश्न तसाच आहे. काय द्यायचं आणि कोणाला, हे ओळखणारं आत जे कोणी असतं म्हणतात, ते आईला त्या शिबिरात का सापडलं नाही? मी रोज रात्री तिच्या गोळ्या मोजून डबीत भरते.