तीन जॉच्या चकमधून काढलेली पातळ रिंग गोल राहत नाही, फिक्स्चर (भाग धरून ठेवायची खास चौकट) कसं करू?

प्रश्न (इंटर्न, फायनल इयर मेकॅनिकल):
वडोदऱ्यात मकरपुरा जीआयडीसीत इंटर्नशिप करतेय. मापन-उपकरणात बसणारी ॲल्युमिनियमची रिंग आहे: बोअर (आतलं भोक) ६० मिमी, भिंत २ मिमी, गोलाई १० मायक्रॉनच्या आत हवी. चकमध्ये (लेथवर भाग तीन जबड्यांत, म्हणजे जॉमध्ये, धरणारी पकड) असताना डायलचा (गोलाईतला फरक दाखवणाऱ्या मापकाचा) काटा जेमतेम हलतो. काढल्यावर टू-पॉइंट गेजने (समोरासमोरच्या दोन बिंदूंतलं अंतर मोजणाऱ्या) कुठूनही मोजलं तरी माप तेच. तरीही जोडीचा भाग आत जाताना अडकतो. साहेब म्हणाले, "फिक्स्चर तूच डिझाइन कर." ३-२-१ लोकेशन (भाग सहा टेकूंवर नेमका बसवायची रीत) शिकलेय, पण ही रिंग धरायची कुठे?

उत्तर १ (टूलरूम):
ताई, हा बिघाड टू-पॉइंट गेजला दिसणारच नाही. चक आवळला की भिंत तीन ठिकाणी आत दबते, टूल त्याच अवस्थेत बोअर गोल कापतं. जॉ सैल केले की भिंत परत उसळते आणि बोअर तिकोनी होतो. अशा तिकोनी बोअरचं समोरासमोरचं माप सगळीकडे सारखंच येतं. थ्री-पॉइंट बोअर गेज (तीन बिंदूंना टेकून मोजणारा) घाल, ६० अंश फिरवून पुन्हा वाच. जो फरक येईल त्याच्या निम्मी गोलाईतली चूक.

आता फिक्स्चर. बाजूने दाबायचंच नाही. रिंग उथळ खोबणीत हाताने सरकेल इतकी बसव आणि वरून क्लॅम्प रिंगने फेसवर (रिंगच्या सपाट कडेवर) आवळ. खाली जिथे टेकते, बरोबर त्याच्या वरच दाब आला पाहिजे. खोबणीच्या कोपऱ्यात रिलीफ (छोटी खाच) दे, नाहीतर एखादी चिप (धातूचा कीस) अडकून रिंग तिरकी बसेल. आणि टेकणारा फेस आधी लॅप करून (बारीक घासून सपाट) घे. तो वाकडा असला तर क्लॅम्प त्याला सपाट करेल, सोडल्यावर पुन्हा तीच रड. आवळायला टॉर्क रेंच (ठरावीक जोर मोजून आवळणारा पाना) ठेव, ऑपरेटरच्या अंदाजावर सोडू नकोस.

उत्तर २ (क्वालिटी):
मापताना तापमान बघ. मापं २० अंशांना धरतात, आपल्याकडे मे महिन्यात शेडमध्ये ४० सहज होतं. तेवढ्या फरकाने ६० मिमी ॲल्युमिनियम सुमारे २८ मायक्रॉन वाढतं, स्टीलची मास्टर रिंग (गेज जुळवायची प्रमाण रिंग) त्याच्या निम्मीच. एसी खोलीत दोन्ही एकाच सरफेस प्लेटवर ठेव, निवल्यावर मोज.

इंटर्न:
थ्री-पॉइंटने ३६ मायक्रॉनचा फरक आला, म्हणजे गोलाईतली चूक १८! पण नग थोडेच आहेत, साहेबांना एवढं फिक्स्चर महाग वाटतंय.

उत्तर १:
मग सॉफ्ट जॉ (हवा तसा आकार कापता येणारे मऊ जबडे) रुंद घे आणि रिंगच्या बाहेरच्या मापाला बोअर कर, म्हणजे जवळजवळ पूर्ण घेर धरला जाईल. फिनिश कटआधी चक थोडा सैल करून हलकाच आवळ. पहिल्या नगाचं थ्री-पॉइंट वाचन इथे टाक, मी बघतो.