मदत हवी आहे: एअरबोट शिकतोय, घाबरलो की पाय थ्रॉटलवरून उचलला जातो

नमस्कार मंडळी,

मी फ्लोरिडात, किसिमीजवळ राहतो. मूळ गाव मालवणच्या बाजूला. शाळेत असल्यापासून होडीत बसत आलोय, त्यामुळे पाण्याची भीती अशी कधी नव्हती. आता वाटायला लागली आहे, म्हणून विचारतोय.

तीन महिन्यांपूर्वी शेजारच्या काकांकडून त्यांची जुनी एअरबोट विकत घेतली. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो: सपाट तळाची बोट, मागे मोटारीचं किंवा विमानाचं इंजिन, त्याला विमानासारखा मोठा पंखा आणि पंख्याभोवती जाळीचा पिंजरा. पाण्याखाली काहीच नसतं, म्हणून वीतभर पाण्यात, ओल्या गवतावर, चिखलावरसुद्धा चालते. सुकाणूच्या उभ्या फळ्या पंख्याच्या मागे हवेतच असतात. चालक उंच खुर्चीवर बसतो, डाव्या हाताला सुकाणू फिरवायची काठी आणि उजव्या पायाखाली थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा जोर कमी-जास्त करायचं पेडल. ब्रेक नाही, रिव्हर्सही नाही.

गेल्या शनिवारी बायको पुढच्या सीटवर होती. गवतातून कापलेल्या वाटेने चाललो होतो, दोन्ही बाजूंना डोक्याएवढं गवत. वळण वाटलं होतं त्यापेक्षा अवघड निघालं. घाबरलो आणि पाय आपोआप वर आला. काठी पूर्ण ढकललेली होती, पण बोट ढिम्म वळली नाही. सरळ गवतात घुसली. बायको पुढच्या दांड्यावर आदळली, खांदा काळानिळा झाला आहे. गवताऐवजी तिथे झाडाचा बुंधा असता तर काय झालं असतं, हा विचार चार रात्री डोक्यातून जात नाही.

कारण नंतर समजलं. सुकाणूवर वारा पडतो तो पंख्याचा. पाय उचलला की वारा गेला, आणि वाऱ्याबरोबर सुकाणूही गेलं. आमच्या गावच्या होडीत इंजिन बंद केलं तरी वेग आहे तोवर पाण्यातलं सुकाणू ऐकतं. चाळीस वर्षांची ती सवय अंगात मुरलेली आहे, आणि मोटारीतही धोका दिसला की ॲक्सिलरेटर सोडायचा हेच शिकलोय. समजलं म्हणून पाय ऐकत नाही, ही माझी खरी अडचण आहे. ही सवय मोडायची कशी?

दुसरं: त्याच दिवशी धक्क्याजवळ झटकन थांबलो तर मागून पाणी आत आलं. घोटाभर. का?

तिसरं: मुलगी पाच वर्षांची आहे. तिला कधी न्यावं? बायको म्हणते इतक्यात नाही. मलाही तसंच वाटतं, पण अनुभवी लोकांकडून ऐकायचं आहे.

प्रतिसाद (ओकीचोबी)

दादा, आधी वहिनींचा खांदा डॉक्टरांना दाखवा. हात वर नेताना दुखत असेल तर थांबू नका.

मी अकरा वर्षं चालवतोय. पहिल्या वर्षी माझंही हेच झालं होतं, त्यामुळे मनापासून लिहितो. पाय उचलायची सवय वळणात मोडत नाही, वळणाच्या आधी मोडावी लागते. वेग कमी करायचा तो सरळ रेषेत, वळण सुरू व्हायच्या बऱ्याच आधी. वळणात शिरताना पायाखाली थोडा जोर शिल्लक हवा आणि वळण संपेपर्यंत तो तसाच राहिला पाहिजे. जोर ठेवायला भीती वाटते आहे, म्हणजे तुम्ही जास्त वेगात आत शिरला आहात. पुढच्या वेळी आणखी आधी हळू करा.

सराव असा करा. मोकळं, रुंद, उथळ पाणी निवडा, आजूबाजूला कोणी नको, बोटीत प्रवासी नको. चालण्याच्या वेगापेक्षा थोड्या जास्त वेगात मोठी वर्तुळं काढा, दोन्ही बाजूंनी. पंख्याच्या फिरण्याच्या ओढीने बोट एका बाजूला झुकते, म्हणून डावं आणि उजवं वळण सारखं वाटणार नाही. तुमची बोट कुठल्या बाजूला कुचराई करते ते अंगाला कळलं पाहिजे. मग मुद्दाम पाय सोडा, बोट सरळ घसरते ते पाहा, पुन्हा हलका जोर द्या, सुकाणू जागं होतं ते पाहा. हे शंभर वेळा करा. पाय डोक्याचं ऐकत नाही, सरावाचं ऐकतो.

एक सांभाळा: काठी पूर्ण ढकललेली असताना एकदम जोर दिला तर बोट गर्रकन फिरते. इंजिन आणि तुम्ही दोघंही उंचावर, त्यामुळे अशा वेळी उलटायची भीती खरी आहे. आधी काठी थोडी मधे आणा, मग जोर.

काही जण बोट गरकन फिरवून उलट्या दिशेला जोर देऊन थांबवतात. ते बघून करायला जाऊ नका. आधी दोन वर्षं जाऊ द्या.

प्रतिसाद (टँपा)

पाणी आत का आलं त्याबद्दल. चालताना मागे जी लाट उठते ती तुमच्याच वेगाने पाठोपाठ येत असते. तुम्ही एकदम थांबता, ती थांबत नाही. एअरबोटीची मागची कड बुटकी, शिवाय इंजिनाचं सगळं वजन तिथेच, म्हणून लाट सरळ आत येते. बऱ्याच बोटी अशाच बुडतात, भर उन्हात, धक्क्यापासून हाकेच्या अंतरावर. जोर हळूहळू कमी करा, आणि लाट मागून चढते आहे असं दिसलं तर किंचित जोर देऊन पुढे सरका. उपसायचा पंप दर वेळी निघण्याआधी चालवून बघा.

निघण्याआधी आणखी: पंख्याच्या पात्यांवर हाताचं बोट फिरवून खाच आहे का पाहा (इंजिन बंद असताना, किल्ली खिशात). सुकाणूचे जोड, पिंजऱ्याचे नटबोल्ट, तळाचं बूच. आणि बोटीत सुटं काहीही नको. टोपी, ओढणी, पाण्याची बाटली, न घातलेलं लाइफ जॅकेट, सगळं पंखा मागे ओढतो. बाटलीने पातं तुटलेलं मी पाहिलं आहे, तुकडा पिंजरा फाडून गेला. इंजिन चालू असताना कोणीही पिंजऱ्याजवळ जायचं नाही, गवत अडकलं तरी नाही.

प्रतिसाद (नेपल्स, फ्लोरिडा)

ताई लिहिते आहे, माझे यजमान टॅमियामी ट्रेल या दलदलीतून जाणाऱ्या रस्त्यालगत पर्यटकांच्या एअरबोटी चालवतात.

इथे 2017 मध्ये एअरबोटीतून फेकली गेल्यामुळे एक तरुण मुलगी दगावली. त्यानंतर 2018 मध्ये राज्याने कायदा केला आणि पैसे घेऊन प्रवासी नेणाऱ्या चालकांना बोट सुरक्षेचा अभ्यासक्रम, एअरबोटीचा वेगळा अभ्यासक्रम, प्रथमोपचार आणि सीपीआर (हृदय बंद पडलं तर छाती दाबून जीव वाचवायचं तंत्र) सक्तीचं झालं. तुम्ही खासगी चालवता म्हणून ही सक्ती तुम्हाला नाही, पण प्रथमोपचार आणि सीपीआर दोघांनीही शिकून घ्या. जिथे तुम्ही जाता तिथे रुग्णवाहिका येत नाही.

झेंडा लावला आहे ना? तो मात्र सगळ्यांना सक्तीचा आहे. बोटीच्या सर्वांत खालच्या भागापासून किमान 10 फूट उंच, नारिंगी, किमान 10 बाय 12 इंच. गवतात समोरची बोट दिसत नाही आणि आपल्या इंजिनापुढे तिचा आवाजही ऐकू येत नाही. दिसतो तो झेंडाच. आंधळ्या वळणावर यजमान उजवी कड धरून अगदी हळू जातात.

मुलीबद्दल वहिनींचं ऐका. सहा वर्षांखालच्या मुलांना 26 फुटांपेक्षा लहान चालत्या बोटीत लाइफ जॅकेट घालणं कायद्यानेच बंधनकारक आहे, पण प्रश्न जॅकेटचा नाही. पायाची सवय मोडेपर्यंत कोणालाच नेऊ नका. न्याल तेव्हा कानांना झाकणारे मफ तिच्या मापाचे घ्या, मोठ्यांचे सैल बसतात.

उन्हाळ्यात दुपारनंतर निघू नका. ढग दाटले की सपाट पाण्यावर सर्वांत उंच वस्तू तुमची बोट असते.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. बायकोला काल डॉक्टरांकडे नेलं, हाड शाबूत आहे, मुका मार आहे.

झेंडा होता, पण त्याची काठी वाकून तो पिंजऱ्याच्या आड गेला होता. आज सरळ केला. बूच आणि पंप तपासले. पंप चालतच नव्हता, म्हणजे त्या दिवशी पाणी थोडं जास्त आलं असतं तर बोट तिथेच बसली असती. नवा मागवला आहे.

शेजारच्या काकांशी बोललो. रविवारी सकाळी सात वाजता ते त्यांची बोट घेऊन बाजूला थांबणार आहेत आणि मी एकटा वर्तुळं काढणार आहे. बायको आणि मुलगी धक्क्यावर असतील. ओकीचोबीच्या दादांना एकच विचारायचं आहे: एकटा असताना बोट हलकी, प्रवासी बसले की जड. एकट्याने केलेला सराव वजन वाढल्यावर कितपत उपयोगी पडतो?

प्रतिसाद (ओकीचोबी)

पायाला सवय लागते ती लागतेच. पण जड बोट पाण्यात खोल बसते, उशिरा वळते आणि थांबायला जास्त अंतर घेते. म्हणून एकट्याचं नीट जमलं की पुढच्या सीटवर वाळूची पोती घट्ट बांधून तीच वर्तुळं पुन्हा काढा. वहिनींच्या वजनाएवढी. पोती सुटणार नाहीत याची खात्री करा.