वेबसाइटला स्वतःचे कीबोर्ड शॉर्टकट हवेत का?

माडवन (देवगड): आंब्याच्या पेट्यांची ऑर्डर आम्ही वेबसाइटवर घेतो. हिशेब बघणारा माझा मामेभाऊ दृष्टिहीन आहे, एनव्हीडीए (पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) लावून काम करतो. साइट करणारा मुलगा म्हणतो, 'एच दाबलं की हापूस, के दाबलं की केसर, असे शॉर्टकट देऊ.' मी नको म्हटलं. एनव्हीडीएत एच म्हणजे पुढचं शीर्षक, के म्हणजे पुढची लिंक. ही अक्षरं भावाच्या बोटांत बसलीत. आणि पेट्या वाढवायची अधिक-उणे चिन्हं? ती नुसती चित्रं आहेत, फक्त माउसला दाद देतात. टॅब त्यांच्यावर थांबतच नाही. दर ऑर्डरला तो पुतणीला हाक मारतो. आधी ते करा ना!

वेळणेश्वर: दादा, मला दिसतं, पण उजवा हात अधू आहे, माउस धरवत नाही. मेनूत ३२ लिंका असल्या की दर पानावर ३२ वेळा टॅब. संध्याकाळी मनगट ठणकतं. शॉर्टकट ही माझी गरज आहे.

माडवन: त्यासाठी पानाच्या सुरुवातीलाच 'मुख्य मजकुराकडे जा' ही लिंक द्यावी. एक टॅब, एक एंटर.

वेळणेश्वर: ती मजकुराच्या तोंडाशी सोडते. पुढे रकाने, पत्ता, 'पाठवा'चं बटण, तिथवर बोटंच झिजवायची. रोज तेच पान उघडणाऱ्याचा विचार करा.

खाडीकाठ: सुट्या अक्षराचा शॉर्टकट बोलून टाइप करणाऱ्यालाही छळतो. बोललेल्या शब्दातली अक्षरं आज्ञा ठरतात नि भलतंच काही उघडतं. म्हणून वेबसाइट अपंगांनाही वापरता याव्यात यासाठीच्या मार्गदर्शक नियमांत, २०१८च्या डब्ल्यूसीएजी २.१मध्ये, नियम आला: असा शॉर्टकट बंद करता यावा, बदलता यावा, नाहीतर त्या घटकावर फोकस असतानाच चालावा. एचटीएमएलचा अ‍ॅक्सेसकी (बटणाला किंवा लिंकेला अक्षर जोडायची सोय) घ्याल, तर अक्षरासोबत दाबायच्या कळा वेगवेगळ्या: विंडोजवर क्रोममध्ये ऑल्ट, फायरफॉक्समध्ये ऑल्ट-शिफ्ट, मॅकवर कंट्रोल-ऑप्शन. गिऱ्हाइकाला काय सांगणार? शिवाय आपल्याकडे इनस्क्रिप्ट (मराठी कीबोर्डची मांडणी) चालू असलं की केच्या जागी 'क' आणि एचच्या जागी 'प' उमटतो. इंग्रजी अक्षराची वाट बघणारी साइट ढिम्म हलत नाही. मराठी कीबोर्डवर कुणी तपासून बघतं का?

माडवन: हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. भाऊ पत्ते इनस्क्रिप्टमध्येच लिहितो.

वेळणेश्वर: अधिक-उणे आधी दुरुस्त करा, कबूल. पण 'पाठवा'ला एक शॉर्टकट ठेवा, कंट्रोल-एंटरसारखा, अक्षराविना. बंद करायची सोयही द्या. तेवढ्यावरून मी मागे हटणार नाही.

माडवन: कंट्रोल-एंटर भावाला उद्या दाबायला लावतो. त्याच्या कामात आडवं आलं नाही, तर ठेवू.