भूकंपाच्या अगदी जवळ असताना जमीन कशी हलली? कोयना आणि किल्लारीचे अनुभव

११ डिसेंबर १९६७ ची कोयनेची किंवा ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची पहाट ज्यांनी भ्रंशाजवळच्या (खडक तुटून सरकले त्या भेगेजवळच्या) गावात काढली, त्यांनी कृपया लिहावे : आवाज आधी आला की हादरा, आणि जमीन उचलली गेली की आडवी ओढली गेली? कोयनेला धरणातल्या यंत्रावर हादऱ्याची नोंद झाली होती. किल्लारीजवळ तसे यंत्रच नव्हते, म्हणून तिथली आठवण हीच नोंद आहे.

किल्लारीपासून दोन कोसांवरून :
गणपती विसर्जन आटोपून आम्ही नुकतेच झोपलो होतो. आवाज आणि हादरा असे दोन वेगळे क्षण मला आठवतच नाहीत. बाजेसकट कोणी खालून उचलून आपटावे तसे झाले आणि लगेच आडवी ओढ बसली. माळवदाचे लाकडी खांब उभे राहिले, त्यातल्या एकावरचा कंदीलही खुंटीला तसाच होता, पण मातीत रचलेल्या दोन-अडीच फूट रुंदीच्या दगडी भिंती आत ढासळल्या. आजी भिंतीकडेला झोपली होती.

लातूरहून :
आधी तावदाने थरथरली. मी उठून बसलो, धाकट्या भावाला हलवले, आणि मग मोठा हादरा आला.

कोयनानगरहून (तेव्हा वय ११) :
गडगडाट पायाखालूनच आला आणि आईची उतरंड एका दणक्यात जमिनीवर आली. काही सेकंदांतच सारे संपले.

पुण्याहून :
१९६७ साली आमच्याकडे टांगलेला दिवा बराच वेळ संथ झुलत राहिला.

धागाकर्ता :
लातूरच्या अनुभवातली ती उसंत फार मोलाची आहे. वेगवान प्राथमिक लहरी आणि विध्वंसक दुय्यम लहरी यांच्यात जितके सेकंद जातात, त्याच्या साधारण आठपट किलोमीटर आपण उगमापासून दूर असतो; लातूरला ती पाचेक सेकंद मिळाली, किल्लारीला जवळजवळ काहीच नाही. जवळचा धक्का थोडा वेळ टिकतो, पण तीव्र असतो : कोयना धरणातल्या यंत्राने धरणाच्या लांबीच्या दिशेने गुरुत्वीय त्वरणाच्या ६३ टक्के इतके त्वरण नोंदवले. आजींबद्दल वाचून फार वाईट वाटले. सांगणे जड जाणार नसेल तरच, ती भिंत कोणत्या दिशेची होती?

किल्लारीपासून दोन कोसांवरून :
उत्तरेची. दक्षिणेकडची भिंतही पडली, पण ती बाहेर, गोठ्याकडे.