यमपायी रेड हॅट पायथन २मध्ये अडकून पडलं का?

टर्मिनलपंत: सेंटओएस ६ (रेड हॅटच्या लिनक्सवरून बांधलेलं फुकट लिनक्स) सांभाळलेल्यांना हे आठवेलच. डेव्हलपरला पायथन (प्रोग्रामिंगची भाषा) २.७ हवा, सिस्टिमवर २.६. मग कुणीतरी २.७ कंपाइल करून यूएसआर-बिन या कमांडांच्या फोल्डरातली पायथनची लिंक तिकडे वळवायचं. ॲप मजेत चालायचं. पुढच्या अपडेटला यम, म्हणजे सॉफ्टवेअर बसवणारा आणि अपडेट करणारा पॅकेज मॅनेजर, चालवला की स्क्रीनवर 'नो मॉड्यूल नेम्ड यम'. आता दुरुस्त करायचं कशाने? (नावावरच्या कोट्या आमच्या ऑफिसात तेव्हाच करून संपल्या.) यम स्वतः पायथनमध्ये लिहिलेला, पहिल्याच ओळीत सिस्टिमचा पायथन मागणारा, आणि त्याची मॉड्यूल्स २.६च्या फोल्डरात. एका पॅकेज मॅनेजरसाठी डिस्ट्रोची, म्हणजे अख्ख्या लिनक्स संचाची, भाषाच गोठलेली! पायथन ३ आला २००८ला. सेंटओएस ७ निघालं २०१४ला, तेही २.७ घेऊन, आणि जून २०२४ला बंद होईपर्यंत सिस्टिमचा पायथन तोच. माझ्या मते यम पाच वर्षं आधीच मोडीत काढायला हवा होता.

जुनंतेसोनं: पंत, मोडायला काय लागतं? रेड हॅटच्या पाठबळावरच्या फेडोरा लिनक्सने २०१५ला बाविसाव्या आवृत्तीत यमऐवजी डीएनएफ हा नवा पॅकेज मॅनेजर दिला, तेव्हा यमचे प्लगइन तसेच्या तसे चालेनात. 'स्किप-ब्रोकन' (अडलेली पॅकेजेस सोडून पुढे जा) हा पर्यायच काढला होता, तो मागाहून परत आणावा लागला. उलट डेबियन हे दुसरं लिनक्स बघा. तिथली पॅकेजची हत्यारं जुनीच: डीपीकेजीची मुळं १९९४ची, एपीटी १९९८चं. कुठे अडलंय डेबियन? डीपीकेजीचा गाभा सी भाषेत आहे, तुम्ही पायथनचं काहीही करा, त्याला सोयरसुतक नाही. दोष वयाचा नाही, घडणीचा आहे.

सेंटओएसग्रस्त: अर्धंच पटलं. डिपेंडन्सीचा (कुठल्या पॅकेजला कुठलं लागतं याचा) गुंता सोडवायला सुसे या आणखी एका लिनक्सने २००८लाच, ११.० मध्ये, सॅट सॉल्व्हर (तर्काने मेळ शोधणारा कोड) आणला होता. पुढे तोच लिबसॉल्व्ह डीएनएफने घेतला. शेजारच्या घरात चूल पेटलेली आणि आपण फुंकणी शोधतोय! यममध्ये तो बसवायचा कसा? त्याचा आतला एपीआय (इतर प्रोग्रामनी वापरायची फंक्शन्स) नीट कुठे लिहून ठेवलेलाच नव्हता. कुणाची स्क्रिप्ट कुठलं फंक्शन धरून बसलीय याचा पत्ता नाही, म्हणून हात लावायची भीती. ही भीती वर्षागणिक वाढते. ते वयच की.

टर्मिनलपंत: आणि पायथनच्या भांडणावर रेड हॅटने २०१९ला आठव्या आवृत्तीत काय केलं? सिस्टिमच्या हत्यारांसाठी वेगळा पायथन ३.६, यूएसआर-लिबएक्झेक या वेगळ्या फोल्डरात. तुम्ही तुमचा हवा तो लावा. यम ही कमांड तिथे आहे, पण ती डीएनएफचीच लिंक.

जुनंतेसोनं: म्हणजे माझंच म्हणणं! वेगळा पायथन यमलाही देता आला असता. नवं लिहायची गरज नव्हती.

टर्मिनलपंत: दिला असता, पण कुठला? यमचा कोड पायथन २चा, आणि १ जानेवारी २०२०ला पायथन २चाच आधार संपला.

जुनंतेसोनं: बरं, मग डीएनएफ५? सी++मध्ये, पुन्हा नव्याने. फेडोरा ३९ला येणार होता, आला ४१ला, २०२४मध्ये. दहा वर्षांत दुसऱ्यांदा घर पाडलं. स्क्रिप्ट्स दुरुस्त करायला रविवारी मी बसतो, पंत, तुम्ही नाही.

सेंटओएसग्रस्त: विषय निघालाच आहे तर, आमच्याकडे सेंटओएस ६ची एक पेटी, म्हणजे सर्व्हर, अजून धडधडतेय. यम व्यवस्थित, पण मिरर (पॅकेजेस पुरवणारे सर्व्हर) सगळे गेले. रेपो फाइलमध्ये (पॅकेजेस कुठून घ्यायची ते सांगणारी) व्हॉल्टचा, म्हणजे जुन्या आवृत्त्यांच्या साठ्याचा, पत्ता घातलाय. पायथनला कुणी हात लावू नये म्हणून मॉनिटरवर चिठ्ठी चिकटवलीय.