जपानी वाद्यमैफलीत माइक हवाच कशाला?

तारषड्ज
एकाच संध्याकाळी कोतोचं (तेरा तारांचं आडवं, लांब तंतुवाद्य) जुनं वादन आणि नव्या रचना असा बेत असला की आयोजक पहिल्या सुरापासून माइक लावतात. दोन-अडीचशे खुर्च्यांच्या सभागृहात तो नकोच. शाकुहाचीवर (बांबूची उभी बासरी) हनुवटी खाली घेऊन सूर उतरवतात, त्याला 'मेरी' म्हणतात. हे सूर मुळातच दबके. साउंडवाल्याचा काँप्रेसर (आवाजाचे चढउतार सपाट करणारं यंत्र) ते उचलून बाकीच्यांच्या बरोबरीला आणतो. मग शाकुहाची ऐकायची कशासाठी?

खर्जातला
एकटा कोतो असेल तर मान्य. पण नव्या रचनांत शेजारी ताइको, म्हणजे मोठा ढोल, दणदणतो, त्याचं काय? शिवाय शामिसेनच्या (तीन तारांचं वाद्य) जाड तारेला 'सावारी' असते, आपल्या तंबोऱ्याच्या जवारीची चुलत बहीण. ती झणझण वरच्या स्वरांशांची, भरलेल्या सभागृहात आधी तीच शोषली जाते. मागच्या रांगेला नुसता ठणका पोचतो.

तारषड्ज
ताइकोपुढे कोतो दबत असेल तर दोष रचनेचा. १९६७ च्या 'नोव्हेंबर स्टेप्स'मध्ये संगीतकार ताकेमित्सुनं बिवा (छेडून वाजवायचं तंतुवाद्य)-शाकुहाची आणि वाद्यवृंद बहुतांशी आळीपाळीनं वाजवले. तोल सांभाळायचा प्रश्नच उरला नाही! आणि कोतोची ध्वनिछिद्रं तळाला असतात. आधी खालचा गालिचा काढा, कोतो लाकडी मंचावर किंवा स्टँडवर ठेवा, मग आवाज कमी पडतो का ते बोलू.

घोडीवाला
गालिच्याचं शंभर टक्के. तरी मी माइकच्या बाजूचा, कारण सतरा तारांचा मंद्र कोतो (मियागी मिचिओनं १९२१ मध्ये घडवलेला) ताइकोसोबत हरवतोच. फक्त माइक तळाच्या छिद्रापाशी नको, नुसतं घुमतं. वरून ४०-५० सेंमीवर, बोटांतल्या नख्या तारांना लागतात त्या उजव्या टोकाकडे किंचित कललेला ठेवा. त्याहून जवळ नेलात तर नख्यांची टकटक वाढते. काँप्रेसर बंद. ताइकोला माइक अजिबात नाही.

खर्जातला
हे चालेल. पण सावारीसाठी शामिसेनचा माइक मी सोडणार नाही.

तारषड्ज
शामिसेनपुरता घ्या, शाकुहाचीला हात लावू नका. त्यापेक्षा एसीकडे बघा. थंडीत शाकुहाचीचा सूर उतरतो, मग कोतोच्या तारांखालच्या तेराही घोड्या सरकवून तो खाली आणावा लागतो. पुढच्या रचनेची स्वररचना वेगळी असेल तर तेच पुन्हा, श्रोत्यांसमोर. त्यासाठी दुसरा कोतो आधीच लावून विंगेत ठेवा. माइकच्या भाड्यापेक्षा तो खर्च सार्थकी लागेल.

घोडीवाला
दुसरा कोतो मिळतो कुठे, तेवढं सांगा.