एकाच बाईशी आठवड्यात दोनदा लग्न?

कोथरूडची_आजी:
धाकटी सून स्कॉटलंडची. आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत बघून हरखली, म्हणून तिच्या घराण्याचं खोदकाम मी अंगावर घेतलंय. नोकरी भूमी अभिलेखात गेली, त्यामुळे जुन्या अक्षराला भीत नाही.

तिच्या खापरपणजोबांचे वडील (यांना काय म्हणतात हो?) ॲबर्डीनशरमध्ये कूळ म्हणून शेती कसायचे. 'स्कॉटलंड्सपीपल' या सरकारी साइटवर लग्न सापडलं: फायवी पॅरिश (म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला भाग), २५ नोव्हेंबर १८३२. शेजारच्या ऑख्टरलेसमध्ये परत, त्याच बाईशी, २ डिसेंबरला! आणि १८४६ च्या, त्यांच्या मुलाच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीत आई भलतीच. हिच्याशी लग्नाची नोंदच नाही. सुनेला सांगू काय?

खडकीकर:
काकू, घाबरू नका. ती नोंद बहुधा लग्नाची नाही, घोषणेची आहे. लग्नाआधी रविवारी चर्चमध्ये नावं वाचायचे. नवरा-नवरी दोन पॅरिशची असली की दोन्हीकडे, म्हणून नोंदीही दोन. आमच्या चर्चमध्ये अजून वाचतात.

पेठेतला_वाचक:
१८४३ मध्ये तिथलं चर्च फुटलं आणि फ्री चर्च वेगळं निघालं. जुन्या पॅरिश नोंदी फक्त चर्च ऑफ स्कॉटलंडच्या. दुसरं लग्न फ्री चर्चमध्ये लागलं असेल तर तिथे मिळणार नाही. शिवाय पाद्री नसताना एकमेकांना नवरा-बायको म्हणून कबूल केलं, तरी ते लग्न कायदेशीर धरायचे, थेट १९४० पर्यंत. अशांना चर्चची पंचसभा जाब विचारायची. त्या सभांची इतिवृत्तंही त्याच साइटवर आहेत, पण वाचायला चिकाटी हवी.

म्हातारबुवा वारले कधी?

कोथरूडची_आजी:
१८६३.

पेठेतला_वाचक:
मग सुटलात! सरकारी नोंदणी १ जानेवारी १८५५ ला सुरू झाली. १८५६ ते ६० मध्ये मृत्यूनोंदीत जोडीदाराचं नाव लिहीत नव्हते, १८६१ पासून परत लिहायला लागले. मूळ पानाची प्रतिमा काढा, नुसत्या सूचीवर जाऊ नका.

कोथरूडची_आजी:
काढली. दोन्ही बायका आहेत, दोघीही माहेरच्या आडनावांसकट. म्हणजे पहिली वारल्यावर दुसरी केली असणार. १८४१ च्या जनगणनेत पहिली घरात आहे, १८४६ ला दुसरीचं मूल, म्हणजे शोध पाच वर्षांत आला. फेरफार उताऱ्यासारखंच, दोन नोंदींच्या मध्ये काय झालं ते आपण जुळवायचं.

सून मात्र आता मलाच विचारतेय, आई, तुमच्या सासूबाईंच्या सासूचं माहेर कुठलं? कुलवृत्तांतात नुसतं सासरचं नाव. घरात कुणालाच ठाऊक नाही.

खडकीकर:
त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांची वंशावळींची वही पाहिलीत का?

कोथरूडची_आजी:
नाही हो. शनिवारी जाते, सुनेला घेऊन.